ओळीच्या टोकावरची आडवी रेघ

मी छापखान्यातला एक जुना शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचा ठसा, आहे. माझ्या डोक्यावर एक छोटी आडवी रेघ आहे, बस्स. इंग्रजी शब्द ओळीच्या टोकाशी येऊन मावेनासा झाला की त्याचे दोन तुकडे करतात आणि जखमेवर मला उभा करतात. मित्रांनो, मोठमोठ्या शब्दांचा तोरा कसा उतरतो ते मी फार जवळून पाहिले आहे.

वितळलेले शिसे साच्यात ओतून मला घडवले आणि छापखान्यात आणले. तिथे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शब्द कुठे तोडायचा हे ठरवायला तो हनुवटीखाली हात धरून शब्द मोठ्याने म्हणे. जबडा जितक्यांदा खाली येईल, तितके तुकडे. फळीवर चांगला जाडजूड शब्दकोश होता. त्यात प्रत्येक शब्दाचे सांधे ठिपक्यांनी दाखवले होते. पण मास्तर त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे. अडाण्याचा हट्ट, दुसरे काय!

पुढे त्याने कवळी बसवली. ती सैल होती. ‘स्कूल’ म्हणताना तो ‘सकूल’ म्हणू लागला आणि जबडा दोनदा खाली येऊ लागला. एका दमात म्हणायचा तो शब्द, त्याला तोडताच येत नाही. पण या शहाण्याने एका शाळेच्या पुस्तिकेत पानोपानी तो तोडला आणि मधे मला कोंबले. मला माझीच लाज वाटली. शाळेने सगळा गठ्ठा परत पाठवला. पुन्हा असे झाले तर खिळ्यांना हात लावू देणार नाही, असे मालकाने बजावले.

मास्तरची सून तिथेच प्रुफे तपासायची. तिने शब्दकोश त्याच्यापुढे ठेवला. सुनेने सासऱ्याला शिकवायचे दिवस आले का, म्हणून त्याने तो बाजूला सारला. दात गेले तरी ताठा शाबूत होता.

मग ती बिचारी शब्दकोश घरी नेऊन दुसऱ्या दिवशीचे शब्द पाहून यायची आणि त्याच्यासमोर बसून, स्वतःच्या हनुवटीखाली हात धरून, बरोबर जागी थांबत म्हणायची. तो तिच्या तोंडाकडे पाहून मला लावायचा. छपाई निर्दोष होऊ लागली. मालकाने मास्तरची पाठ थोपटली आणि या गृहस्थाने ती निमूटपणे थोपटून घेतली. मला त्याची शिसारी आली.

मालक तर त्याच्याही वरताण. चुकाच होत नाहीत, तर तपासनीस कशाला पोसायची? उद्यापासून सुनेने येऊ नये, असे त्याने सांगून टाकले. ती डबा पिशवीत भरू लागली.

मास्तरच्या हातात तेव्हा मीच होतो. गप्प बसला असता तर त्याची जागा पक्की होती.

“मालक,” तो म्हणाला, “हल्ली शब्द तीच तोडते. मला नीट म्हणताही येत नाहीत. एकालाच ठेवायचं असेल, तर तिला ठेवा.”

मालकाचे तोंड बघण्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी खिळ्यांपुढच्या स्टुलावर सून बसली. मास्तर परत आला नाही.

आता मी एका खोक्यात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, मला जपा म्हणून मी तुमच्यापुढे नाक घासणार नाही. पण दुसऱ्याच्या कष्टाची शाबासकी तुमच्या पाठीवर पडली, तर त्याचे नाव लगेच सांगा. तो म्हातारा सांगायला उशीर करून बसला. आणि तरीही, इतकी वर्षे ज्याला मी तुच्छ लेखले, त्याच्या बोटांची मला आठवण येते.