मुक्या कपाटाची गुरगुर

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं घरात सगळे म्हणतात. असतोच! वीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त करून बघा, म्हणजे कळेल. चुलीवरून उतरवलेलं पातेलं तसंच आत कोंबायचं आणि वर "थंडच होत नाही हो" म्हणून मलाच ऐकवायचं. अशांना मी तोंडावर बोलतो. वहिनींपुढे मात्र माझं काही चालत नाही.

वहिनी कंप्रेसरच्या कारखान्यात मोटारी घडवतात. जुन्या कंप्रेसरची मोटार म्हणजे अडेलतट्टू. चालली तर पूर्ण जोरात, नाहीतर ठप्प. सुरू होताना हिसका, बंद होताना 'टक्' आणि मधल्या वेळात नुसती गुरगुर. वहिनींनी पाच वर्षं खपून नवी मोटार केली. आत चुंबकं बसवली आणि जेवढा थंडावा हवा तेवढाच वेग ठेवला. दार उघडून गरम हवा आत गेली तर ती वेग वाढवते, नाहीतर हळूहळू फिरत राहते आणि फार थोडी वीज खाते. आवाज म्हणाल तर शून्य. मी कान लावून बघितलं, तर माझ्याच छातीची धडधड ऐकू आली.

कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "एखाद्या दुकानात महिनाभर चालवा. जुन्याच्या निम्म्या विजेत भागलं तर मोटार बनवायला घेऊ. नाही भागलं तर ती फडताळात आणि तुम्ही पंख्यांच्या विभागात." वहिनी घरी येऊन जेवल्यासुद्धा नाहीत.

दुकान मी शोधून दिलं. फुलवाली मावशी माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्याकडे काचेच्या दाराचं उंच थंड कपाट आहे, आत गुलाब आणि लिलीच्या बादल्या. त्याचा जुना कंप्रेसर एवढा गुरगुरायचा, की समोरच्या न्हाव्याला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागे. वहिनींनी तो काढून नवा बसवला. त्या घडीला किती वीज जातेय ते दाखवणारा मीटर भिंतीवर लावून त्यावर निम्म्या विजेची लाल खूण केली. दारावर एक डबी चिकटवली, दार किती वेळा उघडलं ते मोजणारी.

आठवड्याने वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, वीज जुन्याइतकीच जातेय हो."

"गॅस गळतोय का?"

"काही गळत नाही. हे बघा. काल दिवसभरात दार तीनशे चाळीस वेळा उघडलंय. एवढी माणसं दुकानात तरी येतात का?"

मी तडक गेलो आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून समोर नजर ठेवली. मावशी गुच्छ बांधत होती. मधेच थांबली, कान टवकारले, उठली, कपाट उघडून आत हात घातला, बंद केलं, बसली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा तेच.

"मावशी, हा काय खेळ लावलाय?" मी जाऊन विचारलं.

"खेळ कसला मेल्या! हे चालू आहे की बंद, कळायला नको? काही बोलतच नाही. जुनं कसं गुरगुरायचं, मला पाठ फिरवून कामं करता यायची. एकदा दुपारी गपकन बंद पडलं, तर लग्नाच्या चाळीस गुच्छांनी माना टाकल्या. नवरीच्या आईपुढे उभी राहिले होते मी त्या दिवशी. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या आवाजात."

"अहो, वर तापमानाचा काटा आहे ना!"

"काट्याचं सांगू नकोस. तीन काटे अडकले आणि तिन्ही तूच बदललेस."

खरंच होतं ते.

पण स्वस्थ बसेन तर मी कसला! काचेच्या टाकीतल्या माशांना हवा देणारा छोटा पंप असतो ना, तो मी एका पत्र्याच्या डब्यात बसवला. डबा कपाटाच्या पाठीला घट्ट आवळला. दर वीस मिनिटांनी थांबून 'टक्' करेल अशी सोयसुद्धा केली. वीज मीटरच्या बाहेरून घेतली, तिथे लबाडी नको. पिन लावताच कपाट असं गुरगुरलं की मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "केलंस बाबा नीट!" ती म्हणाली. मी काहीच नीट केलं नव्हतं, पण तोंडाला कुलूप लावलं.

रोजचे आकडे आता मीच वहिनींना नेऊन देत होतो. दाराची मोजणी दिवसाला चाळिसावर आली. मीटर लाल खुणेच्या बराच खाली उतरला. "मावशींना सवय झाली वाटतं!" वहिनी खूश. मी म्हटलं, "झाली ना."

महिना भरला. साहेब अकराला येणार होते, वहिनी मला घेऊन दहालाच दुकानात आल्या. दारातच थबकल्या. "हा आवाज कसला?" कपाटामागे हात घातला, डबा चाचपला आणि खसकन पिन उपटली. मावशी तेव्हा मागच्या मोरीत बादल्या धूत होती.

"भाऊजी! पाच वर्षं मी ह्या आवाजाच्या मागे लागले होते. पाच वर्षं! आणि तुम्ही तो माझ्याच मोटारीला चिकटवलात?"

"वहिनी, वीज मीटरच्या बाहेरून…"

"एक शब्द बोलू नका."

मला आजवर कोणी गप्प बसवलं नव्हतं. त्या दिवशी बसलो. शरम वाटली मला, खोटं कशाला सांगू!

साहेब आले. "कागद छान आहेत, पण मी कागदांना भुलत नाही," म्हणाले. "शेवटचा तास माझ्या डोळ्यांसमोर. आकडा लाल खुणेखाली राहिला पाहिजे." मीटरसमोर खुर्ची ओढून बसले. मावशीही हात पुसत येऊन बसली. दुकानात चिडीचूप.

पाच मिनिटांत मावशीची चुळबुळ सुरू झाली. "बंद पडलं की काय गं?" म्हणत तिने दार उघडलं. साहेबांनी मान वाकडी केली. "चालू आहे ना हो हे?" म्हणत तेही उठले आणि कोपरापर्यंत हात आत ओल्या फुलांत घालून आले. मग पुन्हा मावशी. मग पुन्हा साहेब! गरम हवा आत जायची, मोटार वेग वाढवायची, आकडा वर सरकायचा. लाल खुणेला टेकायला आला तशी वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मला बोलायची मनाई होती.

वहिनी उठल्या, कपाटामागे गेल्या आणि पिन लावली.

गुर्रर्र.

"हां, आता झालं सुरू!" साहेब म्हणाले आणि खुर्चीत रेलले. मावशीने गुच्छ बांधायला घेतला. उरलेल्या वेळात एक गिऱ्हाईक सोडलं तर दाराला कोणाचा हात लागला नाही. आकडा उतरत उतरत खुणेच्या खाली जाऊन बसला.

"मोटार उत्तम आहे," साहेब उठत म्हणाले. "फक्त तेवढा आवाज कमी करता आला तर बघा."

वहिनींनी मागून डबा सोडवून आणला आणि गुरगुरता साहेबांच्या हातात ठेवला. "हा घ्या आवाज. मोटार पहिल्यापासून चालू होती साहेब. हा तुमच्यासाठी लावला."

साहेबांनी डब्याकडे बघितलं, मुक्या कपाटाकडे बघितलं, मग स्वतःच्या ओल्या बाहीकडे. एवढे लाल झाले की मला वाटलं, गेल्या वहिनी पंख्यांत. पण साहेबांना हसू फुटलं ते आवरेचना. हसतच त्यांनी कागदावर सही केली.

तेवढ्यात मावशीने त्यांच्या हातातून डबा हिसकावला.

"मावशी, तो आवाज खोटा आहे," वहिनी हळूच म्हणाल्या.

"ऐकलं मी. खोटा तर खोटा," मावशी म्हणाली आणि डबा माझ्या छातीवर आदळला. "बघतोस काय? होता तिथे लाव परत."