टेबलावर राहिलेली नळी

टिंग.

घर अगदी गप्प होतं, म्हणून तो सूर बराच वेळ खोलीत राहिला. माझी पाच वर्षांची लुदिवीन अंथरुणातून कधी उठली, कळलंच नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभी राहून ती चमच्याने बंदुकीच्या नळीवर टोला देत होती. चांगली नळी घंटेसारखी वाजते, हे तिला तिच्या पेपेने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी शिकवलेलं.

तिच्या हातातला चमचा घेतला, नळी पुसायला उलटी केली, आणि माझे हात थांबले.

फिर्मँ, माझे सासरे, उजाडताच शिकारीला गेले होते. हंगामाचा पहिला रविवार. त्यांचा धाकटा भाऊ वारल्यावर त्यांच्याकडे आलेली जुनी दुनळी आज पहिल्यांदा बाहेर निघाली होती. तिला आलटून-पालटून बसवायचे नळ्यांचे दोन जोड. दोन्हींवर एकच क्रमांक, दोन्हींना भावाने सारखाच काळा रंग चढवलेला.

सँतेत्येन या फ्रान्समधल्या बंदुकांच्या शहरात जुन्या बंदुकांचं वय सांगणं हे माझं काम. काल रात्री लुदिवीनला मांडीवर झोपवत मी एक जोड पाहिला. नळ्यांच्या पोटावर शहराचा परीक्षेचा ठसा: मुकुट, खाली फुलीसारखी दोन पानं, आणि शेजारी नव्या, जास्त जोराच्या बिनधुराच्या दारूची परीक्षा झाल्याचा ठसा. क्रमांक एकच म्हणून दुसरा उघडलाच नाही. "चालेल," असं मी त्यांना सांगितलं आणि झोपायला गेले.

तो ठसा आत्ता माझ्यासमोर होता. म्हणजे त्यांनी दुसरा जोड नेला होता, आणि खिशात नव्या दारूची काडतुसं.

त्यांचा फोन फळीवरच. लुदिवीनला झोपेच्या कपड्यांतच गाडीत बसवलं. तिचा एक बूट घरीच राहिला. पिला डोंगराच्या चढावर ती विचारत होती, पेपे रागावलाय का. नाही गं, म्हणत राहिले.

रानाच्या कडेला गाडी थांबवली आणि हॉर्न दाबून धरला. तेवढ्यात झाडांमागे बार झाला. मी हॉर्न सोडला. पानसुद्धा हललं नाही.

मग शिव्या ऐकू आल्या. इतक्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

"डोंगरातले सगळे ससे पळवलेस, पोरी! घर पेटलंय का?"

"पापा, काडतुसं काढा. आधी काढा."

माझा चेहरा पाहून त्यांनी काढली. मी नळ्यांखालचं पुढचं लाकूड सोडवलं, नळ्या उलट्या केल्या. मुकुट होता, पानं होती. शेजारची जागा कोरी. काळ्या दारूपुरतीच परीक्षा झालेला, एकोणिसाव्या शतकातला जोड.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"तूच म्हणालीस ना, चालेल."

"मी एकच पाहिला होता."

ते गाडीच्या दाराला टेकून बसले. "सकाळपासून चार बार झाले," म्हणाले. डावा हात, ज्याने ते नळी धरतात, तो उघडून मिटून पाहत होते. मी तो दोन्ही हातांत धरला. गार होता, खरखरीत, पाचही बोटं जागच्या जागी.

लुदिवीन एका बुटावर लंगडत आली. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं, ही नळी म्हातारी आहे, नव्या दारूने ती फुटू शकते, पेपेला लागलं असतं.

तिने नळीवरून बोट फिरवलं, जिथे ठसा नव्हता तिथे.

"मग चारदा उडवली तरी फुटली का नाही?"