वरचे सूर खाली घ्या

मी बोलतेय असं म्हणते, पण मला स्वतःचा आवाज नाही. माझ्यात आहे तो चार पोरांचा. मी एक सीडी आहे, 'शेजारी झोपलेत' नावाच्या बँडच्या पहिल्या अल्बमची. अकरा गाणी आहेत माझ्यावर, आणि पाठीवर एक चरा.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरांनी भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, त्यामुळे झोपायला कुणालाच जागा नव्हती. रेकॉर्डिंगनंतर सगळे आवाज नीट जुळवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, ड्रमवाल्याने अंगावर घेतलं. त्याला सगळे ठोक्या म्हणत. डोळे मिटून तो एकेक आवाज वरखाली करायचा आणि पुटपुटायचा, "सिंबल अजून थोडे हवेत." अजून थोडे, अजून थोडे असं आठवडाभर चाललं.

पहिली प्रत त्याने ताईला दिली, ती मीच. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. "खरं सांग हं ताई. आपल्या घरात कान तुझेच तयार."

ताईने मला जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर लावलं. दुसऱ्याच गाण्यात ती दचकली आणि हेडफोन काढून बसली. सिंबल, म्हणजे ड्रमच्या त्या पितळी थाळ्या, कानात सुया टोचाव्यात तशा वाजत होत्या. संध्याकाळी तिने फोनवर त्याला "छान आहे" एवढंच सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, बरं.

मी तिच्या दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात गेले. तिथे संपलेले सेल होते, टोपण हरवलेली पेनं होती.

माझा राग नव्हता तिच्यावर. त्या वर्षी ताईला कशाचंच काही वाटत नव्हतं, ना बरं ना वाईट. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दार आपटलं की मात्र दचकायची. मग पुन्हा सगळं सपाट.

खणात असले तरी बातम्या कानावर यायच्या. आईचा फोन यायचा. एक प्रत तिच्याकडेही होती. ती लावली तेव्हा स्वयंपाकघरात डबे कोसळले असं वाटून ती धावत गेली होती म्हणे. पुढे हसू येण्यासारखं काही राहिलं नाही. ज्यांनी ज्यांनी मला ऐकलं त्यांनी त्या थाळ्यांनाच नावं ठेवली. गिटारवाला ठोक्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "स्वतःचंच वर ठेवलंस तू, मुद्दाम." त्यानंतर ठोक्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ड्रमच्या काठ्यासुद्धा आईच्या माळ्यावर टाकून दिल्या.

एका दुपारी तोच दवाखान्यात आला. दारावरची बेल त्याला हल्ली ऐकू येत नाही, म्हणून आईने पाठवलं होतं.

ताईने त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जाड, खालचे आवाज गेले, त्याने भराभर बटण दाबलं. बारीक, वरचे आवाज सुरू झाले आणि त्याचा अंगठा थांबला. ताईला वाटलं, चेष्टा करतोय. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला, पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतली. कागदावरची त्याच्या ऐकण्याची रेघ सरळ चालत गेली आणि शेवटी जिना उतरावा तशी खाली आली.

तो बाहेर आला. "पास का नापास?"

"बाहेर बस जरा. सांगते."

मग खण उघडला. मी दचकलेच. ताईने मला लावलं आणि त्याचा कागद समोर ठेवला. कॉम्प्युटरवर आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या असतात. रेघ जिथे जितकी उतरली होती, तिथली पट्टी तिने तितकीच खाली ओढली. मला कुणी असं हाताळलं नव्हतं.

थाळ्या मागे सरल्या. त्यांच्याखाली इतके दिवस दबलेलं सगळं वर आलं: गिटारवाल्याचं हळू गुणगुणणं, कुणाचा तरी श्वास. आणि तिसऱ्या गाण्याच्या तळाशी, लाकडावर बोटांनी, ठक ठक. जरा थांबून, ठक.

लहानपणी ताई आणि ठोक्याच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. दोन ठोके आणि एक ठोका, म्हणजे 'जागी आहेस का?'

ताई रडली नाही. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. फक्त टेबलावर तिच्या बोटांनी उत्तर दिलं, एक ठोका. मग तिने अकराच्या अकरा गाणी ऐकली. बाहेर दोन पेशंट ताटकळले, त्यांच्याबरोबर तोही.

शेवटी ती त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. कागद दाखवला. तो समजायला त्याला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे सिंबल खरंच जास्त होते?"

"तुला ऐकू येतील इतकेच होते," ताई म्हणाली. "मी आज तुझ्या कानांनी ऐकलं. छान आहे."

या वेळी त्याने बरं म्हटलं नाही. कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि गिटारवाल्याचा पत्ता बदललाय का, ते विचारलं.

कागद पाहून गिटारवाला काय म्हणाला, मला माहीत नाही. काठ्या माळ्यावरून उतरल्या, वाजवताना ठोक्याच्या कानात आता आवाज अडवणारे रबरी बोळे असतात, एवढं आईच्या फोनवरून कळलं. ताईला अजूनही फारसं काही वाटत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत ती मला लावते, आणि पट्ट्या तिने अजून सरळ केलेल्या नाहीत.

माझी दुसरी एखादी प्रत तुमच्या हाती लागली, तर लगेच खणात टाकू नका. वरचे सूर थोडे खाली घ्या. तिसऱ्या गाण्यात तळाशी कुणीतरी विचारतंय. एकदा ठोका द्या.