माहेरचा वारा

तलावाचं पाणी इतकं नितळ झालं होतं, की ताईला त्याची चीड येऊ लागली होती. पूर्वी काठावर उभं राहिलं तर गुडघाभर खोलीपुढचं काही दिसत नसे. शेवाळ, किडे, बेडकांची पिल्लं, सगळा बाजार भरलेला असे. आता तळाचा दगडन्‌दगड दिसत होता. पलीकडचा नावाडी येणाऱ्याजाणाऱ्याला "बघा, आरसा आहे नुसता!" असं सांगायचा. आरशात मासे राहतात का, हे त्याला विचारायला हवं होतं. पण त्याच्याशी ताईने आधीच भांडण करून ठेवलं होतं. त्याच्या इंजिनाच्या तेलानेच पाणी बिघडलं, असं तिने त्याला चारचौघांत सुनावलं होतं.

सासूबाईंनी उभं केलेलं माशांच्या पिल्लांचं केंद्र ताई चालवत होती. तलावाचं पाणी नळाने शेडमधल्या टाक्यांत यायचं, तिथे ट्रेमध्ये अंडी उबायची, आणि बोटाएवढी झालेली पिल्लं दूरदूरचे लोक घेऊन जायचे. गेल्या वर्षी अंडी पांढरी पडून सडली. त्याआधीही तेच. नवऱ्याने यंदा स्पष्टच सांगितलं होतं, "या खेपेला पिल्लं निघाली नाहीत, तर टाक्या विकायच्या आणि शहरात जायचं." बोलून तो शहरात खोली बघायलाही गेला होता.

तेव्हापासून ताईचा पाय एका जागी ठरेना. ट्रेपाशी जा, काठावर जा, परत ये. चहा करायचा आणि प्यायचा विसरायचा. पाण्यात बुडवायच्या रंगपट्ट्या तिने आणल्या होत्या. पट्टी हिरवी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर पाणी आंबट. तिची दर वेळी पिवळी. एकदा पावसात पट्टी नुसती हातात धरून उभी राहिली, तर ती थेट नारिंगी झाली. म्हणजे नावाड्याचा काही दोष नव्हता. आभाळातूनच आंबट पडत होतं, आणि आभाळाशी भांडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

औषध मात्र ठाऊक होतं. चुना. म्हणून तिने धाकट्या भावाला फोन केला. तो खिंडीपलीकडच्या शहरात, तिच्या माहेरी, वीजघरात कामाला होता, आणि तिथे चुना लागतो एवढं तिला माहीत होतं. भाऊ दुसऱ्याच दिवशी ट्रक भरून हजर!

"घे, किती हवा तेवढा घे!" तो उतरता उतरता ओरडला. "भाऊ कशाला असतो?"

ताईला भरून आलं. तिने आधी भाचीची चौकशी केली. लहानपणापासून पोरीला दमा. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला.

"अगं, खोकला पार पळाला! वीजघराची नवी चिमणी बघितली नाहीस तू, दोन-तीन वर्षांत माहेरी आलीसच कुठे! मान मोडेल एवढी उंच. धूर वरच्या वर निघून जातो. घरात काजळी नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपका नाही."

"देव पावला," ताई म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. मग तिची नजर पोत्यांवर गेली. "एवढा चुना तुम्हाला नको झाला?"

"पूर्वी धूर धुवायला लागायचा. कोळशात गंधक असतं ना, त्याचा वायू निघतो. त्यावर चुन्याच्या पाण्याचा फवारा मारला की तो तिथल्या तिथे अडकतो. ते माझंच काम. आता चिमणी उंच झाली, तर साहेब म्हणाले, फुकटचा खर्च कशाला? फवाऱ्याची झडप मीच बंद केली."

"आणि तो वायू?"

"जातो की."

"कुठे?"

भाऊ हसायला गेला आणि थांबला. काठावरच्या काठीला ताईने वाऱ्याची दिशा कळावी म्हणून एक चिंधी बांधली होती. ती खिंडीकडून तलावाकडे फडफडत होती. लग्न होऊन आल्यापासून ताईला हाच वारा लाडका. माहेरचा वारा म्हणायची ती त्याला. अंग मोडून आलं की मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून बसायची.

"ढगात जातो," भाऊ हळूच म्हणाला. "पाण्याशी मिसळला की त्याचं तेजाब होतं. तसं पातळच... पण..."

ताईने रंगपट्टी काढली आणि पत्र्याच्या पन्हळीखालच्या बादलीतल्या पावसाच्या पाण्यात बुडवून त्याच्या हातात दिली. तो त्या नारिंगीकडे बघत राहिला.

"पोरीचा खोकला गेला नाही रे," ताई म्हणाली. "माझ्याकडे पाठवलास."

बोलली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पोर बरी झाली याचा तिला आनंदच होता. पण शब्द निघून गेला होता.

भावाने पोतं उतरवायला हात घातला, तशी तिने त्याचा हात धरला.

"टाक्यांपुरतं एक ठेव. बाकीचं परत ने."

"वेडी आहेस का? तलावात टाकू या ना सगळं!"

"आज टाकू. पुढच्या पावसाला? त्याच्या पुढच्या? हा चुना तिकडे लागतो, इकडे नाही."

"झडप उघडली तर साहेब मला घरी बसवतील."

"मग ये इकडे. टाक्या घासायला माणूस हवाच आहे." मग तिच्याच्याने राहवेना. "मासे राहिले तर."

तो न जेवता गेला. ताई फाटकापर्यंतही गेली नाही. तिने चुना कालवला, टाकीत सोडला, पट्टी बुडवली, पुन्हा कालवला. जेवण नाही की झोप नाही. मधूनच वाटे, आपण भावाची भाकरी पाण्यात घातली. फोन करावा, राहू दे म्हणावं. दोनदा नंबर फिरवला आणि कट केला. नावाड्याकडे जाऊन माफी मात्र मागून आली. तो बिचारा इतका गोंधळला, की त्याने तिलाच नावेत बसायचा आग्रह केला.

आठवडा सरत आला तेव्हा फोन वाजला.

"ताई, उघडली झडप." भावाच्या मागे कोणीतरी तारस्वरात ओरडत होतं. "मी इथेच उभा आहे. आता बंद करायला दुसऱ्याला पाठवतायत. त्यालाही सांगितलंय मी सगळं. बघू, हात लावतो का." मग आवाज खाली आला. "तुझी अंडी?"

ताई ट्रेवर वाकली. वरच्या कडेची अंडी पांढरी पडली होती, अर्ध्याहून जास्त. खालच्या बाजूला, टपोऱ्या दाण्यांत, काळे डोळे दिसत होते. एक डोळा सरकला. मग दुसरा.

"हलतायत," ती म्हणाली. "सगळी नाहीत. पण हलतायत रे." आणि तिला रडू फुटलं. "तू ये. पोरीलाही घेऊन ये."