कोंडवाड्यातला उमेदवार

हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा आज तंबाखू जास्त मळून आलाय. म्हणा. या गावात माझं एकही वाक्य आजवर कुणी खरं धरलेलं नाही आणि त्यावाचून माझं जेवण अडलेलं नाही. पण तुम्ही आत्ता ज्या कट्ट्यावर पाय सोडून बसला आहात, तो एका म्युनिसिपालटीचा कट्टा होता, आणि ती अख्खी म्युनिसिपालटी एका माणसानं दावणीला बसल्या बसल्या बुडवली.

आता इथं तंबाखूची वखार आहे. परवा स्वराज्याचा झेंडा लागला तोही या वखारीवरच, कारण गावात दुसरं उंच काही नाही. तर निपाणी-बेळगाव रस्त्यावरच्या एवढ्याशा गावाला म्युनिसिपालटी मिळाली कशी? एका गोऱ्या साहेबाची घोडी इथं लंगडली. साहेब मुक्कामाला राहिला आणि इथल्या केदारीअण्णांनी त्याला इतक्या कोंबड्या चारल्या की जाताना साहेबानं विचारलं, तुला काय पाहिजे? अण्णा म्हणाले, खुर्ची. नुसती खुर्ची देता येईना, म्हणून सरकारला तिच्याभोवती म्युनिसिपालटी बांधावी लागली.

त्या म्युनिसिपालटीनं गावाला रॉकेलचे कंदील दिले. ते अण्णांच्या दारापासून सुरू होत आणि अण्णांच्या गोठ्यापाशी संपत. एक बाग दिली. तिच्यात चार जास्वंदी आणि आत येऊ नये अशी पाटी. आणि कचेरीला भिंत लावून कोंडवाडा दिला. मोकाट जनावर धरून कोंडायचं. मालकानं येऊन माझं म्हणायचं, मग सोडायचं. कुणी आलंच नाही तर लिलाव. अण्णांचा सगळा कारभार कोंडवाड्यावर चाले. ज्याच्याशी वाकडं आलं त्याची म्हैस आपोआप दावं तोडून बागेत सापडायची. मेंबर लोकांचं काम एकच, व्हय अण्णा म्हणणं. एक मेंबर झोपेत वारला, तर बायको सांगायची, शेवटचा शब्द व्हय होता.

ही खानापूरकडची बायाक्का, अलीकडं दर बाजाराला पोहे घेऊन या कट्ट्याच्या टोकाला बसते, तीसुद्धा मापटं बाजूला ठेवून ऐकते आहे. ऐक बाई. परगावच्या माणसाला आमची लाज कळली तर आमचं काही बिघडत नाही.

मग एक वर्ष असं आलं की सरकारनं कळवलं, आता प्रेसिडेंट मतानं होणार. अण्णा हसले. गावही हसलं. हसला नाही तो मष्णू विणकर. त्याच्या गल्लीत एकही कंदील नव्हता आणि त्याची शेळी घरापेक्षा कोंडवाड्यात जास्त राहायची. तो मागावरून उठला आणि म्हणाला, मी उभा राहणार. अण्णांच्या तोंडावर कोण काय बोलणार? पण मष्णूच्या घरी जाऊन सगळे म्हणाले, उभा ऱ्हा, आमी हाय. मारुतीराव दुकानदार तर सूचक व्हायला तयार झाला.

अट एकच होती. मामलेदार ठरल्या दिवशी कचेरीत येऊन बसणार, नाव पुकारणार, आणि उमेदवारानं दिवे लागायच्या आत त्याच्यासमोर जातीनं हजर व्हायचं. नाही झाला तर अण्णा बिनविरोध.

त्या दिवशी दुपारी मष्णूची शेळी बागेत सापडली. आता शेळीला कुंपणावरून कुणी उचलून टाकलं हे मी का सांगू? मष्णू धुतलेला सदरा घालून कचेरीकडंच निघाला होता. वाटेत कळलं तसा तो कोंडवाड्यात शिरला, शेळीला फाटकातून बाहेर ढकललं, आणि मागं वळेपर्यंत कोंडवाडेवाल्या रवळूनं फाटक ओढून अडसर घातला.

"रवळू, उघड की रं."

"अण्णास्नी इचारतो," रवळू म्हणाला.

अण्णा सावकाश आले. कोंडवाड्यात जे घावलं ते मालक आल्याशिवाय सुटत नाही, हा नियम त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितला. "शेळीचा मालक ह्यो," ते म्हणाले, "पर ह्येचा मालक कोण?"

गाव असं हसलं, असं हसलं की समोरच्या चिंचेवरचे कावळे उठले ते संकेश्वरला जाऊन बसले. बाजारातली माणसं भिंतीवर चढली. कुणीतरी म्हणालं, उपाशी हाय बिचारं, आणि आत कडब्याची पेंढी पडली. कुणाची? मारुतीरावाची. अण्णा त्याच्याकडंच बघत होते, मग तो काय करील? मष्णूनं एकेकाला हाक मारली, नात्यानं, कुणाला काका, कुणाला आप्पा. ज्याला हाक मारी तो शेजारच्याच्या पाठीमागं जाई आणि तिथून पेंढी फेकी.

एक सांगायचं राहिलं. आत मष्णू एकटा नव्हता. देवाला सोडलेला तांबडा वळू त्याच सकाळी धरून कोंडला होता. बाजारात दोघांना लोळवून आलेला, डोळ्यांत रक्त. आणि इथंच तुमचा विश्वास बसणार नाही. तो वळू उठला, मष्णूकडं बघितलं, आणि जुना मेंबर नव्या मेंबराला बाकावर जागा करून देतो तसा बाजूला सरकला. दोघांनी एका पेंढीतून कडबा खाल्ला.

मग कुणीतरी गुणाबाईला, मष्णूच्या बायकोला, बोलावून आणलं. पदराला एक पोरगी होती, तिच्या हातात शेळीचं दावं दिलं. अण्णा म्हणाले, "तुझं हाय न्हवं? मग नाव घे आन् घिऊन जा. उखाणा चालायचा न्हाय, ही कचेरी हाय. साधं नाव."

आता आपल्यातली बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते होय? आणि इथं तर समोर चुलतसासरे, भावकी, अख्खा बाजार. गुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, तोंडात कडबा. शेळीकडं बघितलं, ती दुधाची. म्हणाली, "माझी शेळी मला घावली," आणि पोरीला ओढत चालू लागली. मी भिंतीवरून पडता पडता वाचलो.

तेवढ्यात कचेरीत मामलेदारानं नाव पुकारलं. भिंत एकच, मष्णूला स्पष्ट ऐकू गेलं.

"हजर!" तो ओरडला. "सायेब, हजर हाय!"

मामलेदारानं विचारलं, कोण ओरडतंय?

"कोंडवाड्यातलं जनावर हाय, सायेब," अण्णा म्हणाले. "उद्या लिलाव हाय त्येचा."

मामलेदारानं चहा संपवला, नावावर रेघ ओढली. अण्णांच्या दारातला कंदील लागला. गावानं फटाके उडवले, मारुतीरावानं सगळ्यांत जास्त.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी रवळूनं दवंडी देऊन लिलाव पुकारला. वळूला बोली आली, मष्णूला कुणी घेईना. दात बघितले, पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं चालत नाही, कुणी म्हणालं मारकं हाय. शेवटी अण्णांनीच तंबाखूच्या एका पानाला घेतला, वर म्हणाले, जा, सोडला तुला. पण मष्णू जाईना. इकत घेतलंसा, म्हणाला, आता पोसा. अण्णांच्या गोठ्यात जाऊन दावणीला बसला. अण्णा कचेरीला निघाले की गळ्यात दावं घालून मागं मागं. सभेत अण्णांनी तोंड उघडलं की हा खुर्चीमागनं म्हणायचा, हजर. अण्णा जेवायला बसले की खिडकीतनं, हजर. अण्णांची झोप गेली, मग दात गेले. मेंबर व्हय विसरले आणि हजर म्हणू लागले. शेवटी बेळगावहून साहेब तपासणीला आला, त्यानं बघितलं तर खुर्ची रिकामी, प्रेसिडेंट टेबलाखाली, आणि...

"खोटं," बायाक्का म्हणाली.

मी म्हटलं, बाई, मी आधीच कबूल केलंय की कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यातलं कुठलं म्हणतेस, कावळ्यांचं?

"वळू सरकला न्हाय." तिनं पोह्यांच्या पोत्याचं तोंड आवळलं, गाठ मारली. "शेळीचं दावं माझ्या हातात हुतं, काका. आई शेळी घिऊन गेली न्हाय. तिनं नाव घेतलं. सगळ्या बाजारासमोर, उखाण्याबिगर, मष्णू म्हणून. केदारीअण्णा म्हणला, ऐकू आलं न्हाय. ती वरडली. म्हणला, ऐकू आलं न्हाय. तवर वळूनं माझ्या बापाला शिंगावर घिऊन भिंतीवर आपटलं हुतं, आन् तुमी वरनं पेंढ्या टाकत हुतासा. दिवं लागायच्या आत आमी त्येला घोंगड्यात बांधून न्हेला. दुसऱ्या दिशी लिलाव कुणाचा केलासा?"