मानाचा काटा

अमरावतीच्या श्रवणरसिक मंडळात केशवरावांच्या मशीनला हरवणं अशक्य होतं. मशीन म्हणजे हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, हेडफोनमधल्या गाण्यात जीव भरणारी पेटी. अकरा वर्षांत तेवीस मशिनी तिच्याशेजारी ठेवून वाजवल्या गेल्या, तेवीसही हरल्या. जी हरणार नाही ती केशवरावांच्या शोकेसमध्ये, असा नियम होता. त्यामुळे शोकेसमध्ये एकच मशीन होती आणि सोबतीला बुद्धिबळाचा एक कप, तोही उपविजेत्याचा.

दीपमाला अकोल्याहून एसटीनं आली ती मांडीवर स्टीलचा डबा धरून. डबा आईचा, शंकरपाळ्यांचा. आतली मशीन तिची, आठ महिने खपून डब्यातच बसवलेली. अकोल्यात ती डीजेवाल्यांचं सामान दुरुस्त करायची. मागच्या बैठकीत मंडळानं हा डबा न ऐकताच परत पाठवला होता. शेरा होता, ‘घरगुती माल.’ तेव्हाच तिनं ठरवलं होतं, हा डबा त्या शोकेसमध्ये जाणार. झाकणासकट.

मे महिन्याची दुपार, केशवरावांच्या घरची बैठक. कूलरच्या घरघरीत बारकावे निसटतात म्हणून कूलर बंद. पाच रसिक कलेसाठी निथळत बसलेले.

दीपमालानं मीटर काढलं तसे सचिव देवराव दचकले. "काय वो ताई, करंट पाहून रायल्या का?"

"आवाज बराबर लावून रायली, देवरावभाऊ. दोन्ही मशिनी सारख्याच जोरात वाजल्या पाहिजे."

"अन् मानाचा काटा?"

"तो काय असते?"

"घरमालकाच्या मशीनचा आवाज एक काटा वर. पयल्यापासून हाय. विहिणीच्या ताटात एक पोळी जास्त वाढत नाई का आपण?"

दीपमालानं मीटर खाली ठेवलं. जरासा मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, हे अकोल्यातला कुठलाही डीजेवाला झोपेत सांगेल. म्हणजे तेवीस मशिनी आवाजात हरल्याच नव्हत्या. त्या शिष्टाचारात गेल्या होत्या.

"मंग आज मान पाहुण्याले द्या," ती म्हणाली. "अन् काकाचे डोळे बांधा."

"बांधा ना!" केशवराव गरजले. "मी माही मशीन झोपेतबी ओळखतो."

उन्हासाठी तोंडाला बांधून आणलेला दुपट्टा तिनं त्यांच्या डोळ्यांवर बांधला. देवरावांनी डब्याचा काटा एक घर वर चढवला. गाणं दहा वेळा वाजलं, दर खेपेला दोन्ही मशिनींवर.

"हे माही! भल्ला मोकळा आवाज. अन् ते दुसरं? टिनावर गारा पडून रायल्या नुसत्या."

दहाच्या दहा वेळा ‘माही’ म्हणून त्यांनी डबाच निवडला. दुपट्टा सुटला. कूलर बंद असल्यामुळे शांतता फारच स्वच्छ ऐकू आली.

"दुपट्ट्यानं कान दबले," केशवराव म्हणाले.

"कान मोकळेच व्हते काका."

इथं थांबली असती तर डबा शोकेसमध्ये गेला असता. पण तो गेला असता एका काट्यावर, आणि काट्यावर जिंकणारी एक मशीन तिथं आधीच होती.

"पण हेबी खरं नाई," दीपमाला म्हणाली. "मले मानानं नाई जिंकायचं. बांधा परत."

या वेळी तिनं मीटर लावून दोन्ही आवाज बरोबर सारखे केले. केशवराव ऐकत राहिले. कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून सतरंजीवर पडला. "हे... नाई, ते... थांबा." दहातले पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते, आणि नाण्याला घाम आला नसता.

शेवटी त्यांनी दुपट्टा ओढून काढला. "दोन्ही माह्याच हायेत!"

"मंग दोन्ही शोकेसमधी ठेवा."

"शंकरपाळ्याचा डबा? शोकेसमधी?"

"आताच माही म्हणाले ना? अन् हरली का ते?"

केशवरावांनी देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी बंद कूलरकडे पाहिलं.

दीपमालानं शोकेस उघडली, कप काढून देवरावांच्या हातात दिला आणि त्या जागी डबा ठेवला. झाकणासकट.

"याले कुठं ठेवू?" देवरावांनी कप पोटाशी धरून विचारलं.

"मानानं ठेवा कुठंबी," ती म्हणाली, आणि कोणाला न विचारता तिनं कूलर लावला.