आडवा हात

गल्लीच्या तोंडाशी ताईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि समोरच्या फुटपाथवर किल्लीवाल्याची पेटी. दुपारी दोन पोलीस फुटपाथ मोकळा करायला आले. एकाने पेटी लाथाडली. किल्लीवाला विखुरलेल्या किल्ल्या वेचायला वाकला, तर त्याच्या कानाखाली दणका बसला. ताईने पायरीवर उभं राहून सगळं फोनवर टिपलं. मारणारा तिचा धाकटा भाऊ होता.

पोलिसावर हात उगारला म्हणून किल्लीवाल्यालाच कोठडीत टाकलं.

दिवेलागणीला भाऊ दुकानात आला. आखूड करायला टाकलेली वर्दीची पँट मागितली आणि मग हळूच म्हणाला, "ताई, तो व्हिडिओ पुसून टाक. ड्युटीवरच्या पोलिसाचा काढता येत नाही."

"कोण म्हणतं? भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ड्युटी करतोस ना? मग फोनच तेवढा का खुपतो? मी माझ्या पायरीवर होते. तुझ्या कामात मध्ये आले का?"

"केवढ्यांदा ओरडलीस! 'चिमण्या, नको रे!' हे कोर्टात वाजलं तर ठाणंभर चिमण्या होईन मी."

ताईला हसू फुटलं आणि तिथेच विरलं.

"बरं, निदान आवाज तरी काढून टाक," तो काकुळतीला आला.

ताईने व्हिडिओ आधी आवाज बंद करून लावला. किल्लीवाल्याचा हात वर गेलेला दिसला, उगारल्यासारखाच. मग तिने आवाज सुरू केला. "साहेब, उचलतोच आहे, मारू नका!" तोच हात आता तोंड झाकायला आडवा धरलेला दिसला.

"आवाज काढून टाकला तर हा माणूस आत राहील," ताई म्हणाली. "उद्या त्याच्या वकिलाला सगळा देणार आहे. ओरडणारी मीच, हेही सांगणार आहे."

"माझी नोकरी गेली तर?"

"तर घर आहेच. पण म्हणून त्याला आत ठेवू?"

ताईने पँटची उरलेली शिलाई घातली, घडी घातली आणि भावाच्या हातात दिली. तो दारापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला.

"ताई, तुझी हाक मला मारायच्या आधीच ऐकू आली होती."

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "व्हिडिओत तसंच आहे."